कात्री लावण्याआधी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांचे नाव माझ्या मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत आहे. मी मात्र त्यांना आज नुसते ‘सर’च म्हणेन, कारण या गावातल्या चार पिढ्यांनी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली नाही. सर आम्हाला पाचवीपासून चित्रकला शिकवत. पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्यांची खोडरबरे गोळा करून एका डब्यात ठेवली आणि डबा कपाटात बंद केला. चुकलेली रेघ खोडायची नाही. ती तशीच राहू द्यायची आणि तिच्या शेजारी दुसरी काढायची. तेव्हा आम्हाला हा छळ वाटे. पुढे मी डिझाइन शिकलो, तीस वर्षे ते शिकवले, आणि रोज वर्गात शिरताना तो डबा मला आठवत राहिला. का आठवत राहिला, ते आज सांगायचा प्रयत्न करतो.

विषय असा आहे की डिझायनर विचार कसा करतो? त्याच्यासमोर एखादा प्रश्न येतो, तेव्हा त्याच्या डोक्यात आणि हातात नेमके काय घडते?

‘डिझाइन’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साडीच्या काठावरची वेलबुट्टी येते, नाहीतर मोटारीचा चकचकीत आकार. तेही डिझाइनच आहे. पण शासकीय परिभाषेत त्याला ‘अभिकल्प’ म्हणतात, कुणी ‘संकल्पन’ म्हणतात, आणि हे शब्द ऐकून कुणाच्याही डोळ्यांसमोर काहीच येत नाही. मला विचाराल तर मराठीत याला फार जुना, फार नेमका शब्द आहे. तो शिंप्याच्या दुकानात सापडतो. बेतणे.

शिंपी कापड बेततो म्हणजे काय करतो? आमच्या गल्लीतले शिंपीकाका मला अजून दिसतात. कापड हातात आले की ते आधी पन्हा बघत, मग उभा धागा कुठला, आडवा कुठला ते चाचपत. मग विचारत, “कुणासाठी? वाढत्या अंगाचा आहे का?” माप घेत. कापड फळीवर पसरत आणि खडूने रेघा मारत. एक रेघ, तिच्याशेजारी दुसरी, कधी तिसरी. कापड दोनदा फिरवून बघत. शिवणीत माया सोडत. आणि हे सगळे झाल्यावर कात्री उचलत. कात्री चालायला दोन मिनिटे लागत, बेतायला अर्धा तास.

आता या शब्दाचे बाकीचे नातेवाईक बघा. बेत म्हणजे योजना. बेताचा म्हणजे तुटपुंजा, मोजका. परिस्थिती बेताची असते, उंची बेताची असते. योजना आणि मर्यादा, दोन्ही एकाच शब्दाच्या पोटात. आणि हे चुकले तर? तर जिवावर बेतते. आपल्या भाषेने हा सगळा विषय एका शब्दात बांधून ठेवला आहे, आणि मी आज जे बोलणार आहे ते त्याच शब्दाची उकल आहे. शिंपीकाकांचा प्रश्न, त्यांचा खडू, त्यांचे बेताचे कापड आणि त्यांची माया.

प्रश्नापासून सुरुवात करू. शाळेत आपल्याला गणिते तयार मिळतात. हौदाला दोन नळ आहेत, एक भरतो, एक रिकामा करतो. हौद किती वेळात भरेल? प्रश्न स्वच्छ, उत्तर एकच. डिझायनरकडे येणारा प्रश्न असा कधीच नसतो. १९७३ साली होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या कॅलिफोर्नियातल्या दोन प्राध्यापकांनी एक निबंध लिहिला, तो आज जगभर शिकवला जातो. त्यांचे म्हणणे असे की समाजाशी भिडणारे प्रश्न नाठाळ असतात. त्यांची पक्की व्याख्या करता येत नाही. उत्तर शोधू लागल्याशिवाय प्रश्न काय आहे हेच कळत नाही. आणि हे उत्तर बरोबर, ते चूक, असेही म्हणता येत नाही. फार तर हे बरे आणि ते वाईट, एवढेच म्हणता येते.

हे कॅलिफोर्नियात लिहिले जात होते, नेमक्या त्याच काळात आपल्याकडे मराठवाड्यात आणि सोलापुरात हा नाठाळपणा लोक प्रत्यक्ष भोगत होते. मी हापशाबद्दल बोलतोय. सभागृहात अनेक जण असे असतील ज्यांनी लहानपणी हापसा मारला आहे, दांड्याला लोंबकळून मारला आहे. त्या हापशाकडे कधी डिझाइन म्हणून पाहिलेत?

बाहत्तरचा दुष्काळ आठवा. विहिरी आटलेल्या. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण. तो भेदणारी यंत्रे सत्तरच्या आसपास आली आणि गावोगाव बोअर झाले. पाणी लागले. लोकांनी नारळ फोडले. आणि त्या बोअरवर बसवले बिडाचे पंप. काही महिन्यांत ते मोडू लागले. दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा देशातल्या खेड्यांतले बहुसंख्य हातपंप बंद पडलेले आढळले. म्हणजे जमिनीत पाणी आहे, वर पंप आहे, आणि बाई घागर घेऊन तीन मैल चालते आहे.

प्रश्न काय होता? सगळे म्हणत होते, पंप कच्चा आहे, पक्का करा. बीड जाड करा. वरवर पाहता बरोबर वाटते. पण हे पंप आले कुठून होते? त्यांचा मूळ नमुना युरोप-अमेरिकेतल्या शेतघराच्या अंगणातला. एक कुटुंब, दिवसाला काही बादल्या, बाकी वेळ पंप उभा. आपल्या गावात तोच पंप पहाटे चारपासून रात्रीपर्यंत थांबतच नव्हता. शेकडो माणसांचे पाणी एका दांड्यावर. त्या पंपाने कुटुंबाचे पाणी काढायचे होते. त्याच्यावर गाव बसवले होते. शिंपीकाकांचा पहिला प्रश्न, “कुणासाठी?”, हा कुणी विचारलाच नव्हता.

तो विचारला जालन्यात आणि सोलापुरात. तिथे ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी विहिरी खणायचे, बोअर घ्यायचे काम चालवले होते. पंप मोडला की लोक त्यांच्याच दारात येत. रोज मोडलेले पंप हाताळणाऱ्या माणसांनी पाहिले की मोडते कुठे. दांड्याला तीन-चार ठिकाणी खिट्ट्या, सांधे. प्रत्येक सांधा झिजतो, सांधा झिजला की दांडा डुगडुगतो, दांडा डुगडुगला की बीड तडकते. मग बिडाऐवजी पोलाद आले आणि चार सांध्यांच्या जागी एकच टेकू राहिला. सोलापूरच्या पंपामागे एक मेकॅनिक होता, शाळेत न शिकता हाताने शिकलेला. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. जे आम्ही वर्गात दोन वर्षे ‘समस्येची फेरमांडणी’ म्हणून शिकवतो, ते त्याने पान्याने केले.

पुढे युनिसेफ, मद्रासची यांत्रिक संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रूडास हा सरकारी कारखाना एकत्र आले. सोलापूरचा पंप पायाशी धरून त्यांनी ‘इंडिया मार्क टू’ तयार केला, कोइमतूर भागातल्या खोल बोअरवर महिनोन्‌महिने तपासला आणि सत्तरचे दशक संपताना तो मोठ्या संख्येने बनू लागला. त्यातली एकच गोष्ट जवळून दाखवतो, कारण ती मला अतिशय सुंदर वाटते.

दांडा वर-खाली होतो तेव्हा त्याचे टोक वर्तुळाच्या कमानीत फिरते. पण आतली सळई सरळ खाली जायला हवी, दीडशे फूट. कमान आणि सरळ रेघ यांचे भांडण आहे. जुन्या पंपात दांडा आणि सळई खिट्टीने जोडलेली असे, म्हणून प्रत्येक झटक्याला सळई थोडी तिरकी ओढली जाई आणि घासत राही. नव्या पंपात दांड्याच्या टोकाला चाकाच्या तुकड्यासारखी एक कमान आहे आणि तिच्यावरून सायकलच्या साखळीसारखी साखळी सोडली आहे. दांडा कसाही फिरो, साखळी कमानीवरून उलगडते आणि नेहमी सरळ खालीच लोंबते. सळई वर ओढायची साखळीने. खाली ती आपल्याच वजनाने जाते. आणि दांडा एवढा जड, भरीव का? तर तो पलीकडच्या सळयांचे वजन तोलतो, म्हणून दहा वर्षांच्या पोरीलाही हापसता येते. पुढच्या वेळी हापसा दिसला तर वरचे झाकण उघडायला सांगा आणि ती साखळी बघा.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. तो पुढे सरकला. मार्क टू सहज मोडत नव्हता, पण आतले चामड्याचे वायसर झिजले की अख्खा पाइप वर ओढावा लागे. त्याला माणसे लागत, अवजारे लागत, तालुक्याहून गाडी लागे. आता प्रश्न ‘न मोडणारा पंप’ असा उरला नाही. ‘गावातच दुरुस्त होणारा पंप’ असा झाला. मग मार्क थ्री आला, त्यात पाइप रुंद केला, दट्ट्या पाइपातूनच वर काढता येऊ लागला. एक उत्तर मिळाले म्हणून पुढचा प्रश्न दिसला. पहिले उत्तर नसते तर तो दिसलाच नसता.

अशीच गोष्ट जयपूरच्या पायाची. ती आपण अनेकदा ऐकली आहे, म्हणून थोडक्यात. परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय चांगलाच होता, पण तो बुटात घालण्यासाठी केलेला. साठच्या दशकात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी पाहिले की रुग्ण तो पाय घरी नेतात आणि कोपऱ्यात ठेवून कुबड्या घेतात. का? कारण आपला माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात अनवाणी उतरतो, देवळात चप्पल काढतो. बुटातल्या पायाला हे काहीच येत नव्हते. रबराचा, बोटे असलेला, सगळीकडून वाकणारा पाय त्यातून आला. चालणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. बसणे हा दुसरा अर्धा, आणि तो ज्या देशात लोक खुर्चीवर बसतात तिथे कुणाला सुचणार नव्हता.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. तरुणपणी मी एका कार्यालयासाठी अर्ज घेण्याची खिडकी बेतली होती. आतल्या माणसाची खुर्ची, त्याचा हात कुठवर पोचतो, उजेड कुठून येतो, सगळे मोजले. वर्षभराने सहज तिथे गेलो, तर बाहेर म्हातारी माणसे कमरेत वाकून, मान तिरकी करून त्या फटीतून बोलत होती. मी खिडकी तपासली होती आतल्या खुर्चीत बसून. बाहेर रांगेत मी एकदाही उभा राहिलो नव्हतो. ती वाकलेली पाठ मी विसरू शकलेलो नाही, आणि विसरू नये असेच मला वाटते.

आता खडूकडे येतो. प्रश्न नीट कळत नाही हे मान्य केले. मग डिझायनर करतो काय? अभ्यास करत बसतो का? आधी सगळी माहिती गोळा करायची, तिचे विश्लेषण करायचे आणि मग उत्तर काढायचे, असे शहाणी माणसे सांगतात. साठच्या दशकात डिझाइनच्या जगात याच विचाराचा जोर होता. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा बुद्धिमान तरुण वास्तुकार गुजरातच्या एका खेड्यात जाऊन राहिला. त्या खेड्याच्या गरजांची त्याने यादी केली, गुरांच्या गोठ्यापासून अंत्यविधीपर्यंत. १४१ गरजा. कुठली गरज कुठलीशी जुळते, कुठलीशी भांडते हे मांडले, आणि संगणकाच्या मदतीने त्यांचे गट पाडले. १९६४ मध्ये त्याचे पुस्तक आले आणि खूप गाजले. आणि थोड्याच वर्षांत त्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना त्याने स्वतःच पद्धतीच्या या पूजेपासून अंग काढून घेतले. मला त्याचा हा प्रामाणिकपणा त्या पुस्तकाइतकाच मोलाचा वाटतो.

मग खरे घडते कसे? ब्रायन लॉसन नावाच्या इंग्रज संशोधकाने सत्तरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. काही रंगीत ठोकळे दिले. ते एका चौकटीत अशा रीतीने मांडायचे की बाहेरच्या बाजूंना एक ठरावीक रंग जास्तीत जास्त दिसावा. पण काही छुपे नियम होते, म्हणजे अमुक ठोकळा असेल तर तमुकही हवा, असे. ते नियम सांगितलेले नव्हते. मांडणी करून दाखवली की फक्त ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढे कळे. शेवटच्या वर्षाची विज्ञानाची मुले आणि वास्तुकलेची मुले, दोघांना तेच काम. विज्ञानाची मुले काय करत? वेगवेगळे ठोकळे वापरून बघत, की आधी नियम कळू दे. वास्तुकलेची मुले नियमाच्या मागे लागतच नव्हती. ती सरळ सर्वांत चांगली मांडणी करत. नाही चालली तर त्याखालची चांगली. तीही नाही? मग पुढची. नियम त्यांना कळलाच तर वाटेत कळे.

यातली कुठली रीत श्रेष्ठ, हा मुद्दा नाही. नियम शोधणारा नसेल तर औषधे होणार नाहीत, पूल उभे राहणार नाहीत. पण पुढची गोष्ट फार महत्त्वाची आहे. लॉसनने हाच प्रयोग नुकत्याच शाळेतून आलेल्या मुलांवर केला. तिथे असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ही जन्मजात प्रतिभा वगैरे नाही. ही लागलेली सवय आहे. ती शिकता येते, शिकवता येते.

माझ्यासाठी ती सवय त्या बंद डब्यापासून सुरू झाली. चुकलेली रेघ खोडली तर काय होते? कागद पुन्हा कोरा होतो आणि आपण पुन्हा अडाणी होतो. चुकलेली रेघ ठेवली तर ती सांगते, “माझ्यापेक्षा जरा डावीकडे.” कोरा कागद असे काही सांगत नाही. म्हणून डिझायनर लवकर रेघ मारतो. कळले म्हणून नव्हे, कळावे म्हणून मारतो. बटर पेपरवर एक आराखडा, त्यावर दुसरा बटर पेपर, खालची रेघ वरून दिसते आहे, हात तिच्यावरून जातो आणि एका जागी थबकतो. तो हात थबकतो ना, तिथे विचार चालू असतो. डोनाल्ड शॉन या अमेरिकी विचारवंताने याला परिस्थितीशी केलेला संवाद म्हटले आहे. आपण रेघ मारतो, परिस्थिती उत्तर देते, ते ऐकून आपण पुढची रेघ मारतो. ऐकणे हा त्यातला अवघड भाग. आपल्या रेघेच्या प्रेमात पडलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही.

हे माझ्या एका विद्यार्थिनीच्या कामातून सांगतो. तिने विषय घेतला विळी. घराघरांतून विळी चालली आहे, ओट्याजवळ उभे राहून सुरीने चिरतात, पण आजीला सुरी जमत नाही. तेव्हा विळी ओट्यावर आणायची, असे तिने ठरवले.

विळी ही काय वस्तू आहे ते आधी बघा. सुरीत भाजी स्थिर असते आणि पाते फिरते. विळीत उलटे: पाते स्थिर, भाजी फिरते. पाट पायाने दाबला की दोन्ही हात मोकळे. म्हणून लाल भोपळ्यासारखे दांडगे प्रकरण दोन्ही हातांनी धरून पात्यावर रेटता येते, आणि त्याच पात्यावर कोथिंबीर केसासारखी बारीक होते. टोकाच्या खवणीवर नारळ. एका वस्तूत तीन कामे, आणि वापरून झाली की घडी करून फळीवर.

मुलीने पहिला नमुना केला. पाट ओट्याला क्लँपने घट्ट बसवला. दिसायला सुरेख. वापरायला घेतला आणि लक्षात आले की पाते छातीपाशी आले आहे. कोपर खांद्याच्या उंचीला जातात, जोर लागत नाही. खाली बसून चिरताना जोर हातांचा नसतोच, पुढे झुकलेल्या अंगाचा असतो. मग पाते बुटके केले, भोपळा अडकेना. मग ओट्याच्या कडेवरून पाते खाली सोडले. पाते पोटाशी आले, ते धोक्याचे. तीन नमुने, तिन्ही फसले, आणि मुलगी रडकुंडीला आली. मी तिला म्हटले, तिन्ही नमुने टेबलावर ओळीने ठेव, फेकू नकोस, आणि आजीकडे जा. विचारू नकोस, नुसती बघत बस.

ती काही घरांत जाऊन बसली. एका घरात आजीबाई गवार निवडत होत्या. त्यांनी आपणहून सांगितले, “अगं, पहाटेपासून उभीच असते मी. भाजी चिरायला बसते, तेवढंच काय ते बसणं.” आणि थोड्या वेळाने उठताना भिंतीचा आधार घेत म्हणाल्या, “बसते गं मी, पण उठवत नाही.”

बघा, प्रश्न कुठे होता आणि कुठे निघाला. विळी वर आणायचीच नव्हती. आजीला बसायचे होते. तिला फक्त उठता येत नव्हते. फसलेल्या तीन नमुन्यांशिवाय हे वाक्य त्या मुलीला ऐकू आले असते का? मला वाटत नाही. आधी ऐकले असते तर ते म्हातारपणाचे गाऱ्हाणे म्हणून कानावरून गेले असते. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

आता कापड. कापड नेहमी बेताचेच असते. पैसा कमी, जागा कमी, वेळ कमी, आणि मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. तरुण डिझायनरांना वाटते, हे सगळे आडवे आले नसते तर काय काम केले असते! मी उलट सांगतो. कापड बेताचे असते म्हणून बेतावे लागते.

मुंबईत कंबाला हिलवर कांचनजंगा नावाची इमारत आहे. वास्तुकार चार्ल्स कोरिया, १९८३. ८४ मीटर उंच, ३२ सदनिका. श्रीमंतांची घरे आहेत, पैशाची अडचण नव्हती. पण मुंबईची एक अडचण गरीब-श्रीमंत बघत नाही. पश्चिमेला समुद्र आहे. वारा तिकडून येतो, देखावा तिकडे आहे. आणि दुपारचे रणरणते ऊन? तेही तिकडूनच. पावसाचा मारा? तोही तिकडूनच. घर पश्चिमेला उघडावे तर भाजून आणि भिजून निघते. बंद करावे तर मुंबईत राहून समुद्र गमावला. काच लावावी तर एसी आला आणि वारा गेला. एकाच दिशेला हवे ते आणि नको तेही.

इथे सामान्य बुद्धी मधला मार्ग काढते, अर्धी खिडकी उघडी ठेवते. कोरियांनी जुन्या बंगल्यांकडे पाहिले. त्या बंगल्यांना चहूबाजूंनी व्हरांडा असे. ऊन आणि पाऊस व्हरांड्यात अडत, वारा आत येई, आणि संध्याकाळी माणसे त्याच व्हरांड्यात येऊन बसत. पण अठ्ठावीस मजली इमारतीला व्हरांडा कसा लावायचा? त्यांनी इमारतीचे कोपरे कोरून काढले आणि तिथे दोन मजले उंचीच्या खोल गच्चीबागा केल्या. घराचे राहते भाग त्यांच्यामागे सावलीत सरकले. आज रस्त्यावरून पाहिले तर त्या पांढऱ्या मनोऱ्याच्या कोपऱ्यांत मोठमोठे चौकोन कापल्यासारखे दिसतात. लोक ते सौंदर्य म्हणून पाहतात, आणि ते सुंदर आहेच. पण ते सौंदर्य उन्हाच्या आणि वाऱ्याच्या भांडणातून आले आहे. भांडण मिटवायची घाई केली असती तर ते आलेच नसते.

आणि शेवटी माया. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले ते बोटभर कापड. काय सुंदर शब्द दिला आहे त्याला आपल्या शिंप्यांनी! पोर वाढेल, अंग भरेल, तेव्हा उसवून सोडता यावे म्हणून आज न दिसणारे कापड.

याच कोरियांनी त्याच काळात नव्या मुंबईत, बेलापूरला, अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी वसाहत केली. सात-सात घरे, मध्ये आठ मीटरचे एक छोटे अंगण. असे तीन समूह मिळून मोठे अंगण, त्यांचे पुन्हा समूह. घरे साधी, विटांची, उतरत्या छपरांची, गवंड्याला आणि सुताराला बांधता येतील अशी. पण मला त्यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. जागेची एवढी टंचाई असताना प्रत्येक घर आपल्या तुकड्यावर सुटे. का? कारण सामाईक भिंत आली की घर वाढवायला शेजाऱ्याची परवानगी आली. सुटे घर माणसाला आपल्या कमाईने, आपल्या वेळेने वाढवता येते. ही माया.

आज तिथे जाल तर मूळची घरे फार थोडी दिसतील. लोकांनी मजले चढवले, कित्येकांनी मूळ घर पाडून नवे बांधले, फरशा, जाळ्या, रंग, सगळे आपापल्या आवडीचे. वास्तुकलेचे काही विद्यार्थी हे बघून हळहळतात. मी त्यांना अंगणात घेऊन जातो. वर घरे बदलली आहेत, पण अंगणे अजून आहेत, आणि त्यांत मुले खेळतात, पापड वाळतात. जे धरून ठेवायचे होते ते त्यांनी धरून ठेवले आणि जे सोडायचे होते ते सोडले. काय धरायचे आणि काय सोडायचे, हे ठरवताना कोरियांना किती रेघा माराव्या लागल्या असतील!

त्या मुलीच्या विळीचे काय झाले? तिने एक बुटके आसन केले, साधारण फूटभर उंचीचे, आणि त्याच्यापुढे विळीचा पाट जोडला. गुडघे पूर्ण दुमडावे लागत नाहीत, पाय पाट दाबू शकतो, अंग पुढे झुकते, आणि उठताना हात टेकायला आसनाची कड आहे. सगळे पुठ्ठ्याचे आणि प्लायचे. पातेही पुठ्ठ्याचेच, कुणाला लागू नये म्हणून. ती ते घेऊन पुन्हा त्या आजीबाईंकडे गेली. मीही गेलो होतो.

आजीबाई बसल्या. पुठ्ठ्याच्या पात्यावर त्यांनी एक भेंडी धरली आणि चिरल्यासारखे केले. दोनदा, तीनदा. मग पायाने सगळा पाट जरा उजवीकडे ढकलला आणि पुन्हा भेंडी धरली. काही बोलल्या नाहीत. मुलगी त्यांच्या पायाकडे बघत होती. तिने खिशातून खडू काढला, खाली वाकली, आणि जिथे आजीबाईंचा अंगठा टेकला होता तिथे पाटावर एक रेघ मारली. जुनी रेघ तिने पुसली नाही.